दाखवा सर आणि फिरलेला कोपरा

माझ्या धाकट्या दिरांना त्यांचे विद्यार्थी ‘दाखवा सर’ म्हणतात. तोंडावर नाही, पाठीमागे. पण भाऊजींना ते ठाऊक आहे आणि त्यांना त्याचं काही वाटत नाही. एकदा मला म्हणाले होते, “वहिनी, तीस वर्षं शिकवून माझा एक शब्द तरी लोकांच्या लक्षात राहिला. पुष्कळ झालं.”

मी रोज वही लिहिते. सकाळची प्रार्थना झाली की आदल्या दिवशी जे घडलं ते आठ-दहा ओळींत लिहून ठेवते. लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासूनची सवय आहे. कपाटाच्या खालच्या कप्प्यात अशा एकोणतीस वह्या आहेत. त्यांत दूध नासल्याचंही आहे आणि सासूबाई गेल्या तो दिवसही आहे. यंदाच्या वहीत मात्र एका मंगळवारच्या पानावर एवढंच आहे, ‘खिडक्या पुसल्या. हवा कोरडी.’ त्या मंगळवारचं उरलेलं इथे लिहिते आहे. भाऊजींना विचारूनच लिहिते आहे.

भाऊजी त्रेसष्ट वर्षांचे. उंच, थोडे वाकलेले, तपकिरी कोटाचे दोन्ही खिसे खडूने कायमचे पांढरे. तंत्रशाळेत गणित शिकवून निवृत्त झाले आणि मग शनिवारी दुपारी कॉलेजात नोकरदार माणसांसाठी तर्कशास्त्राचा वर्ग घ्यायला लागले. वर्गात एक टायपिस्ट मुलगी, दोन वायरमन, एक नर्स, असे बारा जण. परीक्षा नाही, सर्टिफिकेट नाही, तरी गैरहजर कोणी राहत नाही. आमच्या घराच्या मागच्या खोलीत ते राहतात. लग्न केलं नाही. का, ते मी घरात नवी असताना विचारलं होतं.

“करायचं नव्हतं असं नाही,” म्हणाले.

“म्हणजे करायचं होतं.”

“तसंही मी म्हटलं नाही, वहिनी.”

तेव्हा मला वाटलं, थट्टा करताहेत. पुढे कळलं की त्या माणसाचं सगळं आयुष्यच या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत आहे.

आमचे हे वजनमापांचे निरीक्षक होते. त्यांचा हिशेब सरळ. काटा एकतर बरोबर, नाहीतर खोटा. तिसरा शिक्का त्यांच्या पेटीत कधी नव्हता. त्यामुळे जेवताना दोघा भावांची जुंपायची. भाऊजी म्हणायचे, “दादा, वर्तुळाचा तो तीन पॉइंट एक-चार असा न संपणारा आकडा घे. त्यात कुठेतरी सातचे लागोपाठ हजार आकडे येतात का?”

“येत असतील नाहीतर नसतील.”

“दोन्हीपैकी एक आहेच, हे तुला कोणी सांगितलं?”

“अरे, तिसरं काय असणार? अर्धे येतात?”

“तिसरं आहे असं मी म्हणत नाही. पण ज्या कोठाराच्या टोकाला कोणी गेलेलं नाही, तिथे माल आहे किंवा नाही अशी पावती मी फाडणार नाही. येतात म्हणत असशील तर जागा दाखव. नाहीत म्हणत असशील तर का येऊच शकत नाहीत ते दाखव. तोवर गप्प बस.”

“मी गप्प बसलो तर तुझ्याशी बोलणार कोण?” असं म्हणून हे भाजी वाढून घ्यायचे.

एकदा भाऊजींचा चष्मा घरी राहिला म्हणून मी तो द्यायला कॉलेजात गेले आणि मागच्या बाकावर बसून राहिले. त्यांनी टेबलावर दोन किल्ल्या ठेवल्या होत्या. म्हणाले, “समजा, दोन्ही किल्ल्या खोट्या असणं शक्य नाही, हे मी तुम्हाला पटवून दिलं. कपाट उघडलं का?” वायरमन म्हणाला, “नाही सर, पण दोन्हीतली एक लागणार.” “कुठली?” “ते लावून बघायला पाहिजे.” “मग लावून बघ आणि मला दाखव. जगातले बहुतेक गणिती दोन्ही खोट्या नाहीत एवढ्यावर समाधानाने घरी जातात. त्यांचं चुकतं असं मी म्हणत नाही. मला मात्र कपाटातलं पुस्तक हवं असतं.” वर्ग हसला. मलाही सगळं कळलं, याचंच मला नवल वाटलं.

पण हाच माणूस घरात दुखवायचाही. मुद्दाम नाही, पण दुखायचं. मागच्या थंडीत त्यांना सौम्य झटका आला. तोंड किंचित वाकडं झालं, उजवा हात बधिर, शब्दांची अदलाबदल. पेल्याला दार म्हणायचे. मी एकवीस दिवस पहाटे उठून देवापुढे बसले. एकविसाव्या दिवशी त्यांनी नीट सही केली. मी म्हटलं, “भाऊजी, देवाने ऐकलं.” ते शांतपणे म्हणाले, “तुम्ही बसलात याचं मला फार वाटतं, वहिनी. पण त्यामुळे झालं, हे कसं दाखवणार?”

मी चिडले. “देव नाही असं सरळ म्हणा ना मग.”

“तसं म्हणायलाही माझ्याकडे काही नाही. देव नाही, असं नाही म्हणत मी.”

“म्हणजे आहे.”

“नाही. नाही-असं-नाही म्हणजे आहे, हे दादाचं गणित झालं. माझं नाही.”

मी उठून स्वयंपाकघरात गेले. एकवीस पहाटांचं त्या माणसाने काय केलं, तर एक वाक्य केलं. तो सल माझ्या मनात राहिला. देवासमोर बसतानाही राहिला. पुढच्या सगळ्याचं मूळ तिथे आहे, म्हणून आधी सांगितलं.

डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की नेहमीच्या गोष्टी नेहमीसारख्या होतात का यावर लक्ष ठेवा. भाऊजींनी स्वतःसाठी माप ठरवलं, त्यांचा क्यूब. तो सहा रंगांचा, फिरवायचा ठोकळा. कुठल्याशा विद्यार्थ्याने दिलेला, रंग उडालेला, सांध्यांत ढिला. माझ्या शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब महिन्यातून एकदा त्यात पडायचे. रात्री ते तो न बघता विस्कटून ठेवत आणि सकाळी चहा घेता घेता सोडवत. “ज्या दिवशी हा सुटणार नाही त्या दिवशी फळ्यासमोर उभं राहायचं नाही,” असं त्यांनी जाहीर करून टाकलं होतं. “मांडणीत चूक होणं वेगळं. चूक केली हेच न कळणं वाईट.” झटक्यानंतर दोन महिने क्यूब रोज सुटत होता आणि शनिवारचा वर्ग चालू होता.

त्यांच्या टेबलाला आणि फळ्याला हात लावायचा नाही, असा घरात नियम आहे. कारण चार वर्षांपूर्वी मी त्यांचा फळा पुसला होता. अकरा दिवसांचं काम होतं. त्यांनी विचारलं, “पुसलात का?” मी म्हटलं, “हो, चुकलं.” ते “बरं” म्हणाले आणि पुन्हा पहिल्यापासून मांडायला बसले. चिडले असते तर परवडलं असतं.

त्या मंगळवारी ते दाढी करायला गेले होते. खिडक्या पुसता पुसता मी त्यांच्या टेबलावरून वाकले आणि फडक्याने क्यूब खाली गेला. फरशीवर आपटून त्याचा एक कोपरा निखळला. तीन रंगांचा एवढासा तुकडा, आतल्या बाजूला पाय असलेला. मी तो जिथून निघाला होता तिथेच बसवला. बसत नव्हता, तर चमच्याच्या दांड्याने दाबला. टक् करून बसला. सगळे रंग आधीच विस्कटलेले, त्यामुळे चूक की बरोबर हे दिसायला काही वाव नव्हता. डब्याचं झाकण डब्यावर बसलं, एवढंच मला वाटलं.

बुधवारी सकाळी चहा निवला तरी भाऊजींची मान वर झाली नाही. त्यांनी क्यूब सोडवला, पुन्हा विस्कटला, पुन्हा सोडवला. तिसऱ्यांदाही तेच. मग तो टेबलावर मधोमध ठेवला. सहाही बाजू पूर्ण, फक्त एक कोपरा जागच्या जागी फिरलेला. पांढऱ्याच्या जागी लाल.

“दादा, हे बघ. नुसतं फिरवून हा इथे येऊच शकत नाही. एक कोपरा वळला तर दुसरा कुठला तरी वळावाच लागतो. एकटा कोपरा कधी वळत नाही. हा तुकडा कोणीतरी बाहेर काढून चुकीचा बसवलाय. बसवायच्या तीन तऱ्हा असतात, त्यातल्या दोन चुकीच्या.”

“मी हात लावलेला नाही,” हे म्हणाले. “तुझ्या टेबलाजवळून जाताना मी हात खिशात घालतो.”

“वहिनी, तुम्ही?”

त्या क्षणी मला सगळं कळलं होतं. तो तुकडा, चमच्याचा दांडा, सगळं डोळ्यांसमोर होतं. मी म्हटलं, “मी नाही हो.”

का म्हटलं, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. यांचा टोमणा टाळायचा होता हे खरं. ‘फळा झाला, आता क्यूब’ असं ते म्हणाले असते आणि चार दिवस म्हणत राहिले असते. पण खरं कारण ते नाही. सगळ्या जगाला दाखवा म्हणणारा माणूस एका एवढ्याशा तुकड्यापुढे अडकून बसला होता आणि मला बरं वाटलं. अगदी थोडं, पण बरं वाटलं. देवाने त्यांना जरा अडवलं असं वाटलं. माझ्या चमच्याचं काम मी देवाच्या नावावर घातलं.

भाऊजी “बरं” म्हणाले. पुढे काहीच विचारलं नाही. माझ्या शब्दावर त्यांनी कधीच दाखवा म्हटलेलं नव्हतं, हे मला तेव्हा कुठे जाणवलं.

गुरुवारी ते खोलीबाहेर फारसे आले नाहीत. शुक्रवारी जेवताना म्हणाले, “दादा, आज मी तुझ्या वाटेने चाललो.”

“कुठे?”

“ठोकळा उघडला गेला नाही, हे शक्य नाही. घरात माणसं तीन. तू नाहीस. वहिनी नाहीत. फळा पुसला तेव्हा त्यांनी लगेच सांगितलं होतं, त्या खोटं बोलत नाहीत. उरलो मी. मला आठवत नाही. पण दोघं वजा झाले की तिसरा उरतो.”

हे हसायच्या बेतात होते. आपल्या पद्धतीने धाकटा भाऊ बोलला म्हणून. मग त्यांचा घास हातातच राहिला. “अरे, म्हणजे तू उघडलास आणि विसरलास?”

“तसंच दिसतं.”

मी पाण्याचा तांब्या उचलून आत गेले. तांब्या भरलेला होता.

त्याच दुपारी त्यांनी प्राचार्यांना पत्र लिहिलं, की प्रकृतीच्या कारणाने वर्ग सोडतो आहे. कोपऱ्यावरच्या पेटीत टाकायला पत्र माझ्याच हातात दिलं. पेटी दोनशे पावलांवर. वाटेत दोनदा थांबले. एकदा तर औषधाच्या दुकानासमोर पाकीट दुमडून पिशवीच्या तळाशीही घातलं. मग मनात आलं, प्राचार्य त्यांना सोडणार नाहीत, समजूत घालतील, आपोआप मिटेल. पत्र टाकलं. घरी येऊन प्रार्थनेला बसले तर शब्द तोंडाने येत होते, पण ते कोणी दुसरीच बाई म्हणत होती.

प्राचार्यांनी समजूत घातली नाही. पुढच्या आठवड्यात काळजी घ्या म्हणून चार ओळी पाठवल्या आणि जागेवर एक तरुण प्राध्यापक नेमला.

त्याआधीच्या रविवारी, आदल्या दिवशी सर वर्गाला आले नाहीत म्हणून, टायपिस्ट मुलगी घरी आली. मी चहा घेऊन गेले तेव्हा क्यूब तिच्या हातात होता.

“सर, हे तुम्ही आमच्याकडून ऐकून घेतलं असतं का? कोणीच उघडला नाही हे शक्य नाही, म्हणून मीच उघडला?”

“नसतं घेतलं.”

“मग? दाखवा ना तुम्ही कधी उघडलात.”

भाऊजी हसले. झटक्यानंतर त्यांचं हसू एका बाजूने थोडं कमी येतं. “बरोबर पकडलंस. मला दाखवता येत नाही. पण तुमच्यासमोर मी चुकीचं मांडलं आणि मला कळलंच नाही तर? तुम्ही बारा जण ते वहीत उतरवून घेणार. शंका असलेल्या माणसाने खडू धरू नये.”

मुलीने माझ्याकडे पाहिलं. “काकू, तुम्ही तरी सांगा सरांना.”

“साखर पुरे का बघ,” मी म्हटलं.

त्यानंतर घरातलं सगळं बारीक बारीक बदललं. हे भाऊजींशी मोठ्याने आणि सावकाश बोलायला लागले, जसं बहिऱ्याशी बोलतात. “औषध घेतलंस का? नक्की?” गॅसची शेगडी भाऊजींनी आपणहून सोडली. पूर्वी दुपारचा चहा ते स्वतः करत, आता माझी वाट बघत बसत. बाहेर जाताना खिशात पत्त्याची चिठ्ठी ठेवायला लागले. ज्या माणसाला काही झालेलं नव्हतं तो रोज थोडा थोडा आजारी होत होता, आणि मी वहीत लिहीत होते, ‘भाऊजी आज शांत होते.’

दहाव्या दिवशी हे पेचकस घेऊन मागच्या खोलीकडे गेले. दाराची आतली कडी काढायची होती. “हा आत अडकला आणि कडी काढायचं विसरला तर?” मी दळण निवडत होते. उठून बघितलं, तर हे कडीचे स्क्रू सोडवत होते आणि भाऊजी शेजारी उभे राहून तळहात पुढे करून एकेक स्क्रू झेलत होते. चार स्क्रू. मदत करत होते. तिसरा स्क्रू हातात पडला तेव्हा म्हणाले, “दादा, जपून, लाकूड जुनं आहे.”

मी दाराच्या चौकटीला धरून म्हटलं, “कडी काढू नका. क्यूब मी पाडला होता.”

दोघंही वळले. हे म्हणाले, “काय बोलतेस?”

“मंगळवारी. खिडक्या पुसताना. कोपरा निघाला, तो मी बसवला. चमच्याने. विचारलंत तेव्हा नाही म्हटलं.”

भाऊजींनी स्क्रू टेबलावर ठेवले, क्यूब उचलला आणि माझ्यासमोर धरला. “दाखवा.”

तीस वर्षांत पहिल्यांदा मला दाखवा म्हणाले.

मी चमचा आणला. दांडा दोनदा घसरला. तिसऱ्यांदा कोपरा निघाला. तो परत दाबून बसवताना टक् असा आवाज आला, तोच. भाऊजींनी ते सगळं बघितलं, मग माझ्या हातून क्यूब घेतला, कोपरा स्वतः काढला, नीट बसवला आणि टेबलावर ठेवला. खाली बसले. दोन्ही हातांनी चेहरा झाकून म्हणाले, “म्हणजे मी नव्हतो.” आणि रडले. मोठ्या माणसाचं ते हुंदके न देता रडणं. ते सुटकेचं होतं, आणि म्हणूनच मला ते बघवलं नाही. या दहा दिवसांत त्यांनी आत काय सोसलं होतं याची मोजदाद तेव्हा कळली.

ह्यांनी एकही टोमणा मारला नाही. तिन्ही स्क्रू उचलून कडी पुन्हा बसवली आणि आतून लावून बघितली.

संध्याकाळी मी भाऊजींच्या खोलीत गेले. म्हटलं, “पाया पडते, माफ करा.”

“पाया पडू नका.” मग म्हणाले, “माफ केलं नाही, असं नाही, वहिनी.”

मी वाट बघितली. पुढे काही नव्हतं. दुसरं कोणी असतं तर एवढ्यावर हलकं होऊन घरकामाला लागलं असतं. पण मी त्यांच्या वर्गात मागच्या बाकावर बसले होते. त्यांच्या तोंडी या वाक्याचा अर्थ किती आणि कुठपर्यंत, हे मला पुरतं ठाऊक होतं. ते क्रूर नव्हते. आपल्याकडे जेवढं होतं तेवढंच त्यांनी दिलं. नसलेलं आहे म्हणून देणं त्यांना जमत नाही, आणि मी ते नेमकं करून बसले होते.

रात्रभर विचार करून सकाळी मी प्राचार्यांना अर्ज लिहिला. ‘माझ्या चुकीमुळे सरांना वर्ग सोडावा लागला. त्यांच्या स्मरणशक्तीत काही दोष नाही. तरी त्यांना परत घ्यावे.’ भाऊजींना वाचायला दिला, कारण त्यांच्या नावाने काही खाली-वर लिहिलं जायला नको होतं. त्यांनी पेन्सिल घेतली. दुसऱ्या ओळीशेजारी लिहिलं, ‘एवढं सिद्ध होत नाही. क्यूब त्यांनी उघडला नव्हता, इतकंच लिहावं.’ मग पहिल्या ओळीतल्या ‘चुकीमुळे’ या शब्दाखाली रेघ ओढली.

“कोपरा पडला ती चूक,” म्हणाले. “त्यामुळे मी वर्ग सोडला नाही.”

मी अर्ज नव्या कागदावर लिहिला. चुकीमुळेच्या जागी ‘मी खोटे बोलल्यामुळे’ असं लिहिलं. अक्षर वाकडं येऊ दिलं नाही. तो घेऊन मी एकटीच कॉलेजात गेले. कचेरीतल्या कारकुनाने आधी तो वाचला, माझ्याकडे बघितलं, पुन्हा वाचला आणि आत नेला. प्राचार्यांनी मला बसायला सांगितलं. म्हणाले, “बाई, मला आनंद आहे. पण नव्या माणसाला या सत्राचा शब्द दिलाय. पुढच्या सत्रात वर्ग सरांचाच.” सत्र संपायला चार महिने होते. मी घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं. भाऊजी म्हणाले, “त्यांचं बरोबर आहे. शब्द दिलाय म्हणजे दिलाय.”

आता ते चहा स्वतः करतात. हे त्यांच्याशी पूर्वीसारखे भांडतात. माझ्याशी बोलणं तसंच आहे, वहिनी म्हणून, हसून, मापात. फक्त शनिवारी दुपारी तीन वाजता ते खोलीतून कोट घालून बाहेर येतात, पायऱ्यांपर्यंत जातात, थांबतात आणि परत जाऊन कोट खुंटीला लावतात. ते विसरणं नाही. पाय सवयीने निघतात, एवढंच. मी ओट्याशी उभी राहून ते बघते, मान फिरवत नाही. रविवारी सकाळी प्रार्थना झाली की आधी ते वहीत लिहिते, मग बाकीचं. अजून सात शनिवार आहेत.